दाजींच्या हौदाचा तळ

उकळी आणल्याशिवाय जगातल्या कुठल्याही पातळ पदार्थावर ज्याचा विश्वास बसत नाही, असा माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि ते मला लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी अजून पावणंच म्हणतात. दाजींनी चाळीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं. काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसाचा नुसता वास घेऊन ते गूळ पिवळा उतरणार की काळा, हे सांगत. गुऱ्हाळ बंद झालं, पण दाजींच्या अंगातला गुळव्या काही गेला नाही. चहा समोर आला की आधी त्यावरची साय, उकळत्या रसावरची मळी काढावी तशी, काढून फेकतात. घराचा स्लॅब पडत होता तेव्हा कालवलेलं सिमेंट दोन बोटांत धरून त्यांनी तार येते का ते पाहिलं आणि गवंड्याला सांगितलं, "अजून जरा आटू दे." होणारा जावई पहिल्यांदा घरी आला, परत निघताना चप्पल घालून फाटकापर्यंतही पोचला नव्हता, तेवढ्यात हे सोप्यातून ओरडले, "पोरगं चांगलं हाय, पर पाक कच्चा हाय!" मी शेजारीच बसलो होतो. तोंड कुठं लपवावं ते मला कळेना.

अशा माणसानं घरी पोहण्याचा तलाव बांधला, हे ऐकून माझ्या हातातला फोन खाली पडायचाच बाकी होता. ज्यांनी जन्मात अंगावर तीन तांब्यांपेक्षा जास्त पाणी घेतलं नाही, त्यांना तलाव? पण कारण तसं होतं. अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमरेइतक्या पाण्यात रोज चालवलं तर पायाला बळ येईल. दाजींचं घर कळंब्याला, गावचा तलाव हाकेवर. पण अक्का म्हणाली, "म्हशी डुंबत्यात त्या पाण्यात मी उतरू व्हय?" झालं! आठवड्याच्या आत गुऱ्हाळाच्या जागेशेजारी जेसीबी येऊन उभा राहिला. दीड-दोन महिन्यांत निळ्या फरशीचा, पायऱ्यांचा, कठड्याचा तलाव तयार. दाजी त्याला हौद म्हणत.

बांधणाऱ्यानं जाताना बजावलं होतं की पाणी गाळणारी मोटर रोज आठ तास चालवा. दाजी ती अर्धा तास चालवून बंद करत. मी विचारलं तर माझ्यावरच उखडले. "मोटर चालू आणि पाणी हितल्या हितंच फिरतंय? तिकडं ऊस वाळाय लागलाय की ओ!" मोटर लावून पाणी कुठंच पोचत नाही, हे त्यांच्या शेतकरी डोळ्यांना बघवत नव्हतं. व्हायचं तेच झालं. आठवड्यात पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसायला लागलं.

दाजींना त्याची फिकीर नव्हती. रोज सकाळी ते अक्काला पायऱ्यांवरून उतरवत, तिचे दोन्ही हात आपल्या खांद्यावर घेत आणि मागं मागं सरकत मोठ्यानं पावलं मोजत. संध्याकाळी मला फोन येई. "पावणं, आज बारा." दोन दिवसांनी, "आज अठरा!" फोन ठेवला की मी बायकोला आकडा सांगायचो आणि ती देवापुढं साखर ठेवायची. एकतीसपर्यंत मजल गेली आणि डॉक्टरीणबाई बघायला आल्या. काठावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "काका, या पाण्यात मला काकूंचं पाऊल कुठं दिसतंय? ते कसं पडतंय ते मला बघायला हवं. तळाची फरशी दिसल्याशिवाय त्यांना उतरवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "पावणं, लगीच या. येताना पोतंभर भेंडी आणा." पोतंभर? मला वाटलं, जोतिबाच्या नावानं जेवणावळ घातलीय. मार्केट पालथं घालून पोतं घेऊन गेलो आणि फाटकातच थिजलो. जुनं चुलवाण धडाडून पेटलेलं, त्यावर गुऱ्हाळाची ती अवाढव्य काहील, काहिलीत हौदाचं पाणी रटारटा उकळतंय आणि दाजी कमरेला पंचा गुंडाळून झाऱ्यानं वरचा फेस काढतायत. रस नितळ व्हावा म्हणून गुऱ्हाळात भेंडीचं चिकट पाणी घालतात, हे मला माहीत होतं. पण पोहण्याच्या तलावाला?

"बघतासा काय?" दाजी ओरडले. "रसातली मळी भेंडीनं वर येती, मग पाण्यातली का न्हाय येणार? काल घरात हुती तेवढी भेंडी गारच वतली, जमलं न्हाय. उकळी पायजेच!"

गार ओतल्यानं काय झालं होतं ते मी जवळ जाऊन पाहिलं. हौदाला तार सुटत होती. पायरीवर बसू पाहणारा एक बेडूक घसरून पुन्हा पुन्हा आत पडत होता. आणि हा गृहस्थ ते सगळं पाणी काहीलभर काहीलभर उकळून परत आत ओतायला निघाला होता! असं चार दिवस चाललं असतं. खिडकीत खुर्चीवर बसलेली अक्का मात्र शांत होती. "आता चिच-गूळ तेवढा टाका," ती म्हणाली, "म्हंजे गावाला आमटी वाढाय बरं."

शेवटी मीच हौद बांधणाऱ्याला बोलावून आणलं. त्यानं पाण्यात हात घातला, बाहेर काढला, आणि बराच वेळ त्या हाताकडंच बघत राहिला. मग एकच प्रश्न विचारला, "मोटर किती तास चालवता?" दाजी काहिलीतला फेस काढायला वळले. हौद रिकामा करून घासला, गाळणीतली वाळू धुतली, विहिरीचं नवं पाणी भरलं, औषध टाकलं आणि मोटर दिवसभर चालू ठेवली. दाजी मोटरीशेजारी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी थोडा धुरकटपणा उरला होता, त्यासाठी तुरटी फिरवून रातभर पाणी स्थिर ठेवलं आणि खाली बसलेला गाळ नळीनं ओढून काढला. चौथ्या दिवशी तळाची फरशी न् फरशी मोजता येईल असं पाणी झालं. दाजींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. "या, बघाय या. आज पन्नास चालवतो का न्हाय बघा!"

डॉक्टरीणबाई काठावर बसल्या. दाजींनी अक्काला उतरवलं, तिचे हात खांद्यावर घेतले आणि मागं सरकले. "एक," ते म्हणाले आणि खाली बघितलं. आम्हीही बघितलं. अक्काचा उजवा पाय पुढं पडला. डावा जागचा हललाच नाही. दाजी सरकले तसा तो फरशीवरून नुसता ओढला गेला. "दोन" म्हणायला उघडलेलं दाजींचं तोंड तसंच राहिलं. एकतीस पावलं, एवढे फोन, देवापुढची साखर.

"पयल्यापास्नं असंच हुतं?" दाजींनी हळूच विचारलं. त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

"मला ठावं हुतं की," अक्का म्हणाली. "तुमी एवढं मोजत हुतासा, म्हणून गप बसलो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दिसलं ना, आता नीट काम करता येईल. कुणीतरी खाली वाकून तो पाय उचलून पुढं ठेवायला हवा. रोज. किती दिवस, ते मला आज सांगता येणार नाही." दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी पँट-शर्टासकट पाण्यात उतरलो आणि अक्काचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर घेतले.

दाजींनी नाक दाबलं आणि त्या स्वच्छ पाण्यात बुडी मारली. वरून मला सगळं दिसत होतं. सत्तरीच्या त्या माणसानं अक्काचा घोटा दोन्ही हातांत धरला, सावकाश उचलला आणि एक फरशी पुढं ठेवला. वर येऊन श्वास घेतला. अक्कानं त्यांच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले, आणि ते पुन्हा खाली गेले.