उताराला सुटलेला डबा

डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली नोकरी मार्गासनीच्या पुढं, एका लहानशा बांधाच्या कामावर. साठीचं दशक सरत आलं होतं. खाणीतून माती आणायला अरुंद रूळ टाकले होते, त्यावर लोखंडी डबे. इंजिन नाही, ड्रायव्हर नाही. भरलेला डबा उतारानं आपला आपण खाली यायचा. ब्रेक म्हणजे चाकात खुपसायचं बाभळीचं दांडकं; डबा उभा करायचा तर चाकाखाली धोंडा. 'आमच्याकडे ड्रायव्हरशिवाय गाडी चालते,' असं मी घरी मोठ्या ऐटीत कळवलंही होतं.

एका दुपारी माणसं भाकरीची फडकी सोडून रुळांवरच जेवायला बसली होती. मी त्यांच्यापुढं पाठमोरा, टेपनं मापं घेत होतो. एवढ्यात वरून आरोळी आली, "म्हस उधळली! पळा, म्हस!"

सगळे उठून दोन्ही बाजूंना पांगले. मीही टेपसकट चिखलात उडी मारली. मागून धडधडत आला तो भरलेला डबा! आम्ही बसलो होतो तिथून सुसाट गेला आणि वळणावर उलटला. उडी मारताना एकाचं मनगट मोडलं. त्याला लॉरीतून भोरला नेलं. बाकी नुकसान भाकऱ्यांचं.

ओरडली होती पाणी वाहणारी, पासली गावची एक मावशी. मी विचारलं, "मावशी, म्हैस कुठंय?"

"म्हस कुठली, सायेब? चाकाखालचा धोंडा निसटला. डबा सुटला म्हनलं असतं, तर समदी वळून बगत बसली असती. म्हस म्हनलं की मानूस आदी पळतो."

मला हसू आलं, पण क्षणभरच. तो धोंडा मी सकाळीच पाहिला होता. लहान वाटला होता. बोललो मात्र नव्हतो.

संध्याकाळी ते मी मोठ्या साहेबांना सांगितलं. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी वळणावर वाळूचा ढीग घातला, चाकांना लाकडी पाचरी करून घेतल्या आणि राखणीला माणूस हवं म्हणून मावशींनाच नेमलं.

महिनाभरानं मनगटवाला परतला. त्याला भेटायला मी घाईनं रुळांवरूनच निघालो.

"सायेब," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हितनं न्हाई. खालनं जा."

"हो, मावशी," म्हणत मी खाली उतरलो.