मानेवरचे ठिपके

माझ्या बाल्कनीत कबुतरजाळी बसवणारा माणूस स्टुलावर चढला, तेव्हा त्याला कुंडीमागचं घरटं दिसलं. "कबुतरच ना, ताई? काढून टाकतो," म्हणत त्याने हात पुढे केला. हात वीतभर अंतरावर आला तरी घरट्यात बसलेला पक्षी उडाला नाही. त्याने फक्त मान वळवली, आणि बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे ठिपके मला दिसले.

"थांबा, हे कबुतर नाही, हा होला आहे."

पारवा, म्हणजे आपलं नेहमीचं कबुतर, असता तर मान हिरवी-जांभळी चमकली असती, पंखावर दोन काळे पट्टे असते, असं मी घाईघाईने सांगत सुटले. पक्षी ओळखण्याचा हा छंद मला आजवर निरुपद्रवी वाटत आला होता. आता मात्र मी कोणतं नाव सांगते, यावर त्या पक्ष्याचं घरटं वाचणार की नाही ते ठरणार होतं.

त्याने हात मागे घेतला. "मागच्या महिन्यात एसीमागचं घरटं तुम्ही माझ्याकडून काढवून घेतलंत, ते?"

"तो पारवा होता."

"ते कबुतरपण असंच बसून राहिलं होतं," तो म्हणाला आणि जाळी गुंडाळू लागला.

होला जरा सरकला. त्याच्या पोटाखाली दोन पांढरी अंडी होती, एसीमागच्या त्या दोन अंड्यांसारखीच.