तो फ्रीज नव्हता

भुताच्या सिनेमांतला सगळ्यात भयंकर सीन कोणता, यावर आमच्या घरात वाद झाला की शेवटचा शब्द माझा असतो. नातवंडं मोबाइलवर काहीतरी बघून किंचाळतात आणि मी खुर्चीतून म्हणते, यात काय आहे, आमच्या वेळी छतावरून बाई उतरायची. त्यांना वाटतं, आजीने काय काय पचवलंय. आजीने काहीही पचवलेलं नाही. नव्वदच्या दशकात सिंगापूरला असताना मी जेवढे म्हणून भुताचे सिनेमे बघितले, ते सगळे चष्मा काढून बघितले. माझा नंबर तेव्हाच उणे सहाच्या पुढे गेला होता. चष्मा उतरवला की टीव्हीवर नुसते रंगीत ढग. ढगाला कोण घाबरतं?

आम्ही क्लेमेंटीला नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आमचे हे बोटीवर इंजिनियर. एकदा बोट बंदरातून सुटली की पाच-सहा महिने घरात मी आणि शाळेत जाणारी लेक. सासूबाई पुण्याला. त्यांचं म्हणणं साधं होतं: तो बोटीवर गेला की सुनेने आणि नातीने पुण्याला यावं, तो आला की परत जावं. परक्या देशात एकटी बाई, लहान पोर, कशाला तो घोर? म्हणणं काही वाईट नव्हतं. पण पुण्यात माझ्या वाट्याला एका कपाटाचा अर्धा कप्पा होता आणि त्यातही त्यांच्या शाली होत्या. क्लेमेंटीत माझी किल्ली होती, माझं स्वयंपाकघर होतं, खिडकीबाहेर बांबूवर वाळणारे माझे कपडे होते आणि दुपारी कोणी "आता काय करतेस?" असं विचारत नव्हतं. हे सगळं मला सोडायचं नव्हतं. त्यासाठी एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की मी धीट आहे.

मी कशी होते म्हणाल, तर बाथरूममध्ये पाल दिसली की शेजारच्या ब्लॉकमधल्या मैत्रिणीकडे आंघोळीला जाणारी. लिफ्टमध्ये एकटी चढले की रामरक्षा सुरू, आणि नववा मजला येईपर्यंत ती संपत नाही म्हणून भराभर म्हणायची. अशी ही वीरांगना.

तर झालं असं, की आम्ही चौघी मराठी बायका, सगळ्यांचे नवरे बोटीवर, दुपारी एकमेकींकडे जमायचो. मुलांची शाळा दुपारची, त्यामुळे साडेबारानंतर घर मोकळं. एक तर बुकित पंजांगहून बस बदलून यायची. ब्लॉकखालच्या दुकानातून व्हिडिओ कॅसेट आणायची, पडदे ओढायचे, चहा करायचा. कौटुंबिक सिनेमे बघून रडून झालं, मग कोणीतरी भुताचा आणला. पहिल्याच सिनेमाला मी घाम पुसायच्या निमित्ताने चष्मा काढला आणि तो परत लावलाच नाही. बाकीच्या तिघी उशा तोंडावर घेऊन ओरडत होत्या, एकीने माझ्या दंडात नखं रुतवली, आणि मी चहात बिस्किट बुडवून खात होते. बिस्किट पडू नये याकडेच सगळं लक्ष, कारण तेवढंच काय ते दिसत होतं.

झालं, माझी कीर्ती पसरली. हिला कशाचंच भय नाही. गणपतीत कोणीतरी हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं. आमच्या ह्यांनी कुठल्याशा बंदरातून आईला फोन करून अभिमानाने सांगितलं. मीही थोडं तिखटमीठ लावलं. मी एकटीच बघते, दिवे घालवून बघते, वगैरे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी महिनाभर येते आणि बघते. पुढचं काय ते मग ठरवू.

त्या आल्या. पापड, मेतकूट आणि माझ्यासाठी एक रिकामी सूटकेस घेऊन आल्या. सूटकेस कशाला, असं मी विचारलं नाही. ती पलंगाखाली गेली आणि मला रोज झाडू मारताना लागायची.

दुसऱ्याच दुपारी त्यांनी फर्मान काढलं. "तुझा तो भुताचा सिनेमा लाव बघू. आपण दोघी बघू." वेताच्या खुर्चीत बसल्या, पाय स्टुलावर, मांडीवर ताट आणि ताटात लसूण. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून कोण काय म्हणतंय ते मी सांगायचं असं ठरलं. पहिला सिनेमा इंग्रजी होता. चष्मा टीव्हीवर, कान शाबूत. ऐकत होते आणि सांगत होते, आवाजसुद्धा कापला नाही. एकदा काही जुळलं नाही तर म्हटलं, इथलं सेन्सॉर कडक आहे, मधलंच कापतात. सासूबाईंनी माझ्याकडे दोनदा वळून बघितलं. मला वाटलं, कौतुकाने. मी मनातल्या मनात सूटकेस रिकामीच परत पाठवली.

मग त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या. स्वतः निवडायची म्हणाल्या. सगळ्या कॅसेटींवरून बोट फिरवत गेल्या आणि एकीवर थांबल्या. चित्रातल्या बाईचे केस गुडघ्यापर्यंत, तोंड झाकलेलं. "हिचा चेहरा दिसत नाहीये. म्हणजे काहीतरी आहे." घरी येऊन लावली तेव्हा कळलं, सिनेमा चिनी. बोलणं चिनी, आणि खाली इंग्रजी अक्षरांची ओळ. सासूबाई लसूण घेऊन बसल्या. "हं, वाच."

आता मांडणी बघा. चष्मा लावला तर अक्षरं दिसणार, पण त्यांच्या वर भूतही दिसणार. चष्मा नाही लावला तर भूतही नाही आणि अक्षरंही नाहीत. शहाण्या बाईने सरळ सांगितलं असतं. मी शहाणी नव्हते. मी चष्मा टीव्हीवर ठेवला आणि मनाने गोष्ट सांगायला लागले.

पहिली दहा-पंधरा मिनिटं बरी गेली. कोणीतरी कोणालातरी भेटलं, मी म्हटलं भाऊ-बहीण. मग त्यांनी मिठी मारली. मी म्हटलं फार दिवसांनी भेटलेत. मिठी लांबली. सासूबाईंनी एक लसूण जास्तच जोरात सोलला.

"तो पिवळ्या झग्यातला कोण गं?"

मला पिवळा ढग दिसत होता. म्हटलं, "डॉक्टर."

"डॉक्टर कोंबडी कशाला कापतोय?"

"आयुर्वेदिक असेल."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ती बाई एवढी तावातावाने बोलली आणि तू सांगतेस "जेवलास का" एवढंच? मी म्हटलं, मायेने विचारतेय ना, म्हणून वेळ लागतो. मग सिनेमात सगळं शांत झालं. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. आवाजावरून मी ताडलं, स्वयंपाकघर. उजवीकडे काहीतरी उंच, पांढरं, चौकोनी.

"आता ती फ्रीजमधून भाजी काढेल," मी म्हटलं.

"फ्रीज?"

"तो काय, पांढरा."

सासूबाई पुढे वाकल्या. "अगं, त्याला केस आहेत."

"इथे लोक फ्रीजवर केरसुणी ठेवतात."

"तो चालत येतोय."

सासूबाईंनी रिमोट उचलला. लेकीने शिकवलेलं एकच बटण त्यांना येत होतं, ते त्यांनी दाबलं. चित्र थांबून थरथरायला लागलं. त्या उठल्या, टीव्हीवरचा माझा चष्मा घेतला, पदराने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि लहान मुलाला टोपी घालावी तसा माझ्या नाकावर बसवला. एक दांडी कानाऐवजी केसांत गेली, तीही सरळ केली. ओरडल्या नाहीत. तेच बटण परत दाबून म्हणाल्या, "आता वाच."

मी फ्रीजकडे बघितलं नाही. नजर खालच्या ओळीवर चिकटवून ठेवली. तेवढ्यात तो पांढरा भाग गेला आणि एक साधीसुधी बाई आली. पाठमोरी, नळापाशी, पातेल्यात तांदूळ धुतेय. मला हायसं वाटलं. तिने मान न वळवता मागे कोणालातरी विचारलं आणि मी खणखणीत वाचलं, "आज किती जणांचा भात लावू?" घरात ती एकटीच होती. पाणी दुधासारखं पांढरं झालेलं. त्यात तिचे दोन हात तांदूळ फिरवतायत, हळूहळू, आपण रोज फिरवतो तसेच. आणि मग त्यांच्या बरोबरीने तिसरा हात फिरायला लागला. कुठून वर आला नाही, कुठे झडप घातली नाही. शिस्तीत तांदूळ धूत होता. बाईच्या लक्षातच येत नव्हतं.

मी कशी ओरडले ते मला आठवत नाही, पण लसणाचं ताट पंख्याखाली उडालं आणि मी सासूबाईंच्या खुर्चीत, त्यांच्या पाठीमागे होते. एका खुर्चीत दोन बायका कशा मावल्या, हे आम्हा दोघींनाही नंतर जमवून बघता आलं नसतं. शेजारची चिनी म्हातारी जाळीच्या दाराशी आली, कोणी गेलं का म्हणून विचारायला. सासूबाईंनी टीव्हीकडे बोट दाखवलं. ती आत आली, उभ्या उभ्या बघितलं, म्हणाली, "अय्या, हे काहीच नाही लाह, पुढे बघा." तिथे वाक्याच्या शेपटाला लाह लागतोच. आणि जमिनीवरच्या लसणाच्या चार पाकळ्या वेचून, ओंजळीत देऊन निघून गेली. आम्ही टीव्ही बंद केला.

मग संध्याकाळ झाली. लेक शाळेतून यायची वेळ, घरात भात नाही. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत बसलेल्या. मी सूटकेसचा विचार करत होते.

"तांदूळ धू," त्या म्हणाल्या.

"तुम्ही धुता का आज?"

"मी पाहुणी आहे."

खाली एमआरटीची लोकल गेली, अजून एक गेली. मग मी त्यांच्याकडे नीट बघितलं, चष्म्यातून, आणि माझ्या लक्षात आलं की या बाईने पदर मुठीत घट्ट धरलेला आहे. अहो, त्याही घाबरल्या होत्या. दोन्ही सिनेमे डोळे उघडे ठेवून बघत होत्या आणि मनापासून घाबरत होत्या. मला मेलीला दिसतच नव्हतं.

शेवटी तांदूळ आम्ही दोघींनी मिळून धुतले. एकाच पातेल्यात. त्यांनी पाण्यात बघून हात मोजले, मीही मोजले. चार भरले. मग कुकर लावला.

त्या रात्रीपासून पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू राहायला लागला. सासूबाई म्हणाल्या, पोरगी घाबरते. पोरगी ताटातून मान वर न करताच म्हणाली, "नॉट मी लाह, ग्रॅनी इज द वन." आजीला इंग्रजी येत नव्हतं, ते बरं होतं.

रविवारी ह्यांचा फोन आला. रिसीव्हर सासूबाईंनी घेतला आणि मी बाजूला उभी राहून ओट्यावरची आधीच पुसलेली फरशी पुसायला लागले. त्यांनी हवापाणी विचारलं, जेवण विचारलं. मग म्हणाल्या, "तू आणि त्या गणपतीवाल्यांनी मला सांगितलं होतं, हिला कशाचंच भय नाही. तेव्हाच ठरवलं होतं, दोघींना घेऊन जायचं. जिला भय नाही ती दाराला कडी लावेल का? गॅस बघेल का? पण ती सगळी थाप निघाली, चष्मा काढून बघायची. चांगली घाबरते. व्यवस्थित घाबरते. राहू दे इथेच."

मी फरशी पुसायची थांबले. पलीकडून ह्यांनी काहीतरी विचारलं असावं, कारण सासूबाई म्हणाल्या, "नाही, चष्मा बदलायला नको. लावायला सांग."

सूटकेस परत गेली ती चॉकलेटं, एक छत्री आणि लिटिल इंडियातून घेतलेल्या साड्यांनी गच्च भरून. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तर डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, तो तांदळाचा सिनेमा परत करायच्या आधी शेवट बघून घे. ती बाई वाचली का ते फोनवर सांग. मला झोप लागत नाही.

मी कॅसेट त्याच दिवशी महिनाभराचा दंड भरून दुकानात देऊन आले. शेवट बघायचं नाव नाही. पण फोन तर करायचाच होता. मग केला आणि मनाने शेवट रचला. चांगला ऐसपैस रचला, पिवळ्या डॉक्टरला आणला, मंत्र म्हणवले, तिसरा हात कोणाचा ते सांगितलं, बाईचं नवऱ्याशी पुन्हा जमवून दिलं, अगदी बारसंसुद्धा केलं. सासूबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. हुंकार देत सगळं ऐकलं. मला वाटलं, पटलं.

शेवटी म्हणाल्या, "बरं. आणि एवढ्या सगळ्यात फ्रीज कुठे होता?"