अक्कांनी चालू ठेवलेलं ॲप

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या कृष्णवेणी अक्का फोन कधी बंद करत नसत. फोन तर सोडाच, सोसायटीचं ते गेटचं ॲपसुद्धा नाही. खिडकीशी खुर्ची, खुर्चीशी चार्जर, चार्जरला फोन आणि त्यावर ते ॲप सताड उघडं. "अक्का, पिक्चर लागलाय का त्यावर?" मी चिडवायची. मी नागपूरची, तोंडाची फटकळ. त्या हसायच्या. "असू दे ग. कोण आलं तर कळायला नको?"

हेब्बाळच्या आमच्या सोसायटीत कोणीही आलं की वॉचमन गेटवर नाव टाकतो. आपला फोन वाजतो, त्या नोटिफिकेशनवर बोट लावलं की 'आत सोडा' आणि 'नको' अशी दोन बटणं येतात. वेळेत उत्तर दिलं नाही, तर पाहुणा परत. मग तो सख्खा भाऊ का असेना!

अक्का वाट बघत होत्या ती धाकट्या बहिणीची, शहराबाहेर आनेकलला राहणाऱ्या रूपश्रीची.

अक्कांचं सगळं आयुष्य बळेपेटेत, जुन्या बाजारपेठेत गेलं. खाली नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान, वर घर, आणि दार दिवसभर उघडं. नवरा गेल्यावर मुलाने, अभिजीतने, ते विकून हा फ्लॅट घेतला, वास्तुशांत उरकली आणि तो कॅनडाला गेला. त्या घाईत सख्ख्या मावशीला आमंत्रण काय, तर फोनवर मेसेज! आमच्याकडे मावशीने घर डोक्यावर घेतलं असतं. रूपश्रीने बोलणंच टाकलं. अक्काही कमी नाहीत. "मी मोठी. मी काय म्हणून नमतं घेऊ?"

पण एकटं माणूस ताठ राहून राहून किती राहणार? थंडीत बाजारात अवरे आले, म्हणजे आपले वालाचे दाणे, आणि अक्का मऊ झाल्या. दोघी बहिणी दरवर्षी ते भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून सोलायच्या आणि जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. एकटीने करायचं कामच नव्हे ते. अक्कांनी रूपश्रीच्या लेकीकडून निरोप धाडला, अवरे घेऊन ये, सोलायला बसू. उत्तर आलं नाही. तेव्हापासून ते ॲप चालू.

आणि एका रविवारी सकाळी अक्का माझं दार बडवायला लागल्या.

"शिवानी! रूपा आलीय ग गेटवर! नाव दिसलं, मी दाबलं, पण बटणं येईनात!"

मी फोन घेतला. पडद्यावर जुनंच पान, कालच्या कुरिअरवाल्याचं. मी इकडे दाबतेय, तिकडे दाबतेय, तेवढ्यात खाली अक्षरं आली: उत्तर मिळाले नाही, पाहुणे परत गेले. आम्ही धावत खाली गेलो. वॉचमन म्हणाला, "आंटी तो ऑटो से चली गयी." त्याने एक पिशवी पुढे केली. अवऱ्यांची. अक्कांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तिथेच गेटवर रडायला लागल्या.

माझं डोकंच फिरलं. मी स्वतः अशीच ॲपं बनवते, दुसऱ्या कंपनीत. वॉचमनला पुन्हा पुन्हा माझं नाव टाकायला लावलं आणि चोर सापडला. ॲप बंद असेल तर नोटिफिकेशन दाबल्यावर बटणांचं पान बरोब्बर उघडतं. ॲप आधीच चालू असेल तर मेलं आहे तेच पान पुढे आणतं, पाहुण्याला विसरतं. बनवणाऱ्याने कधी चालू ॲपवर करून पाहिलंच नसणार, आळशी कुठला! मी तिथल्या तिथे ॲपवाल्या कंपनीकडे कडक शब्दांत तक्रार केली.

"अक्का, तुम्ही ॲप बंद ठेवलं असतं ना, तर ते पान उघडलं असतं."

अक्का माझ्याकडे वळल्या. "म्हणजे मी वाट बघत बसले नसते, तर ती आत आली असती?"

अरे बाप्पा! मी फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी मोठेपणा बाजूला ठेवून बहिणीला फोन लावला. तिने उचलला. अक्का घाईघाईने सांगत सुटल्या, फोन चालू होता ग, म्हणून गेट उघडलं नाही. पलीकडून आवाज आला, "सरी अक्का, सरी, कळलं. आत घ्यायचं नव्हतं तर सांगायचं. फोनचं नाव कशाला पुढे करतेस?" आणि फोन कट. खरं सांगते, मी इंजिनियर नसते तर मीही विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी अक्का भिजवलेल्या अवऱ्यांचा डबा घेऊन निघाल्या. सुट्टी टाकून मीही सोबत गेले. बस बदलत आनेकल गाठलं. रूपश्रीचं दार उघडंच होतं, ती आत दिसत होती. तिने पाहिलं, पण ये म्हणाली नाही. अक्का पायरीवर बसल्या, डबा उघडला आणि सोलायला लागल्या. डोळे वाहत होते, ते पुसलेही नाहीत. बऱ्याच वेळाने रूपश्री बाहेर आली, शेजारी टेकली आणि तिने डब्यात हात घातला.

"आमच्या दाराला फोन लागत नाही, अक्का. तू कधीही ये," ती म्हणाली. "पण तुझ्या त्या गेटवर मी पुन्हा उभी राहणार नाही. चार माणसांदेखत परत पाठवलं मला."

अक्कांनी मान हलवली आणि पुढचा दाणा उचलला.

पुढे ॲपचं अपडेट आलं. आता चालू असतानाही बटणांचं पान लगेच उघडतं. अक्कांचं ॲप अजून चालूच असतं. अभिजीत तिकडून काहीबाही मागवत असतो त्यांच्यासाठी. फोन वाजला की अक्का चष्मा न लावताच 'आत सोडा' दाबतात आणि दार उघडून लिफ्टकडे बघत उभ्या राहतात. कुरिअरवाला खोकं देतो, निघून जातो.

"उघडतंय ग आता," त्या मला सांगतात, "लगेच उघडतंय."