सकाळचा आकडा

मला साखर आहे हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. घोडेगावात आमचं किराण्याचं दुकान, मागच्या बाजूला घर. मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की घरी मशीन ठेवा, उपाशीपोटी बोट टोचून बघत जा. पुण्याहून मुलानं मशीन आणलं. हाताच्या तळव्यात मावेल एवढं, सोबत पट्ट्यांची डबी आणि टोचायचं पेन.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. सकाळी उपाशीपोटी आकडा यायचा दोनशे चाळीस, दोनशे साठ. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रात्री काय खाता?"

"मी चौविहार पाळतो साहेब. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही."

"हं," ते म्हणाले. "पेशंट सगळे असंच सांगतात."

शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, हिनं, ते ऐकलं. घरी आल्यावर फराळाचा डबा फडताळातून उचलून तिनं कोठीच्या खोलीत ठेवला आणि कुलूप घातलं. किल्ली कमरेला.

चौविहाराचं व्रत मी तिशीत असताना जैन स्थानकात महाराजांसमोर घेतलं होतं. आजारपणातही मोडलं नव्हतं. त्यामुळे कुलपाचं मला हसू आलं, पण आकडे काही उतरेनात. मग ती माझा चहाचा कप हुंगायला लागली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की पडद्याआडून डोकावायची. बिस्किटांच्या बरण्यांवर हात फिरवून परत जायची. एकदा धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या खिशात तिला गुळाचे खडे सापडले. ते तिनं ताटलीत घालून माझ्यासमोर ठेवले.

"हे काय?"

"अगं, ढेप फोडताना उडतात. गुळाचा व्यापारी मी, खिशात काय हिरे सापडणार?"

"खरं सांगा. तुम्ही व्रत मोडता का?"

साखरेबद्दल विचारलं असतं तर मी सोसलं असतं. हा प्रश्न मात्र जिव्हारी लागला. त्या दिवशी मी जेवताना तिच्याकडे पाहिलं नाही.

संशय एकदा घरात शिरला की तो एकाच माणसाजवळ बसत नाही. मलाही नाही नाही ते वाटू लागलं. आमटीत ही गूळ घालत असेल. आमच्याकडे आमटीला गूळ लागतोच, सवयीनं हात जात असेल. मी आमटी सोडली. नुसते उकडलेले मूग आणि भाकरी खाऊ लागलो. आकडा तसाच. मग मुलावर संशय गेला, त्यानं स्वस्तातलं मशीन गळ्यात मारून घेतलं असेल. हिला म्हटलं, तुझं बोट टोचून बघू, मशीन खरं बोलतंय का कळेल. "मला काय झालंय?" म्हणून तिनं हात पदराखाली घेतला. आणि एका पहाटे तर मी स्वतःवरच संशय घेतला. झोपेत उठून मी काही खात तर नसेन ना? असं एकदा मनात आलं की माणूस अंथरुणात उठून बसतो आणि स्वतःची जीभ चाटून बघतो. मी तेही केलं.

हिनं पुण्याला फोन लावला होता, हे मला मुलाच्या बोलण्यावरून कळलं. "पप्पा, आईला नका सांगू, पण मला खरं सांगा," तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी काहीच विचारलं नाही. गोळ्या दुप्पट केल्या.

त्यानंतर काही दिवसांनी आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. डोंगरातल्या गावांची माणसं एस.टी.नं उतरून मीठ, गूळ, तेल घ्यायला येत होती. दुपार झाली तरी जेवायला उठायला सवड नव्हती. तांदूळ मोजता मोजता माझे हात कापायला लागले. एक म्हातारा, भीमाशंकरच्या बाजूचा, आमचं जुनं गिऱ्हाईक, समोर उभा होता.

"शेठ, हात का थरथरत्यात? लई घाम आलाय तुमाला."

मी काहीतरी बोललो, पण काय बोललो ते मलाच कळेना. म्हाताऱ्यानं मला धरून गादीवर टेकवलं आणि आत हाक मारली, "बाई, शेठला बरं न्हाई बगा!"

ही धावत आली. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "काय खाल्लंत?" मग माझा चेहरा पाहून ती घाबरली. घामानं मी निथळत होतो, हात तेलातुपानं, पिठानं माखलेले. तिनं तांब्याभर पाणी आणून माझं तोंड धुतलं, हात चोळून धुतले, पुसले आणि मशीन आणलं. आकडा आला अठ्ठेचाळीस.

तिला वाटलं मशीन बिघडलं. तिनं डॉक्टरांना फोन केला. ते पलीकडून ओरडले ते मलासुद्धा ऐकू आलं, "साखर उतरलीय! आधी गोड द्या, मग बोला!"

ज्या बाईनं महिनाभर माझ्यापासून साखर कुलपात ठेवली होती, तिनं दुकानातली साखर मुठीनं पाण्यात घातली आणि पेला माझ्या ओठाला लावला. थोड्या वेळानं मला माणसं ओळखू यायला लागली. म्हातारा तिथंच बसून होता. त्याची बस गेली होती.

संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ही मशीन मांडीवर घेऊन बसली.

"सकाळी एवढी, दुपारी एवढीशी. आज मी तुमचे हात धुतले. सकाळी धुता का?"

सकाळी मी उजाडायच्या आत दुकान उघडायचो, पहिल्या गाडीच्या गिऱ्हाइकांसाठी सळईनं ढेप फोडून ठेवायचो आणि सूर्य वर आल्यावर आत येऊन, पंच्याला हात पुसून बोट टोचायचो. मग बिनसाखरेचा चहा.

ती उठली. ढेपेचा एक तुकडा तिनं हातात चुरला, हात पदराला कोरडा पुसला आणि इतके दिवस लपवलेलं ते बोट स्वतःहून टोचलं. आकडा आला तीनशेच्या वर. तिचा चेहरा पांढरा पडला. मग साबणानं हात धुऊन तिनं परत टोचलं. पंचाण्णव.

ती म्हणाली, "बोटावर होता तो गूळ." आणि स्वयंपाकघरात गेली. माफी वगैरे आमच्या पिढीत नवरा-बायको मागत नसत. रात्री माझं अंथरूण मात्र तिनं घातलं, जे महिनाभर मीच घालत होतो.

डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. "हात धुवायला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," असं ते म्हणाले. सांगितलं असेलही. आम्हाला दोघांनाही आठवत नाही. धुतलेल्या हातानं सकाळचा आकडा दीडशेच्या आसपास यायला लागला. म्हणजे आजार होताच, तो काही गुळाचा भास नव्हता.

पुढं चार-पाच वर्षांनी हिला खूप तहान लागू लागली. एका सकाळी तिनं साबणानं हात धुतले, बोट टोचलं, आकडा बघितला. परत हात धुतले, दुसरं बोट टोचलं. तोच आकडा. मशीन खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

काय खाल्लंस, हे माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. मी ते गिळलं आणि म्हटलं, "साडी बदलून आवर. नऊच्या गाडीनं मंचरला जाऊ."