पडायला आलेल्या छज्ज्यावर चहा

मैत्रिणींनो, आज मी खूप खूश आहे, पण डोकं अजून तापलेलंच आहे.

पहाडगंजमधलं आमचं जुनं घर पाडून मालकाला हॉटेल बांधायचंय. आम्ही भाडेकरू, जाणार कुठे? अशी जुनी घरं पाडू द्यायची की नाही हे ठरवणारी समिती आज सकाळी आली. मालकाचा इंजिनियर समितीच्या प्रमुख मॅडमना खालूनच म्हणाला, "मॅडम, छज्जा कभी भी गिर सकता है."

म्हटलं, आधी चहा घ्या. सुनेने आलं जरा जास्तच घातलं, ते असो. आत उकडत होतं, म्हणून सगळे छज्ज्यावर जाऊन बसले. इंजिनियरपण! वर चकली मागून घेतली.

मग मी विचारलं, "भैया, यही गिरनेवाला था ना?"

मॅडम हसायलाच लागल्या. अहो, दर संक्रांतीला आमचं अख्खं महिला मंडळ तिथे हळदीकुंकवाला बसतं, आणि हा वर न येताच धोकादायक लिहून मोकळा! मॅडमनी परवानगी थांबवली, नीट तपासणी करणार म्हणाल्या.

तुमच्या गल्लीतही घरं अशी खालूनच तपासतात का गं?

सून आता रागावलीय, "आई, खरंच पडला असता तर?"

अगं, मीपण तिथेच बसले होते ना!