कोकराचं तूप

चहा घ्या आधी. हातात कप असला म्हणजे तुम्ही मध्येमध्ये बोलणार नाही, आणि हा किस्सा मध्येच तोडला तर मी परत सांगायची नाही. कारण यात मी एका म्हाताऱ्या बाईचा देव शेगडीवर ठेवून कढवलाय. हो, कढवलाय. मंद आचेवर, बेरी खाली बसेपर्यंत.

तेव्हा आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मंदार, म्हणजे माझा नवरा, गाड्यांच्या दरवाज्यांची डिझाइनं करायचा आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरी बसून बर्फ बघायचे. कॉलिंग कार्डावर आईशी बोलायचं, तूप कढवायचं, परत बर्फ बघायचा. संपला दिवस.

इंग्रजी येत नव्हतं असं नाही हं. वाचायला यायचं, लिहायला यायचं. पण समोरचा माणूस बोलायला लागला की माझ्या डोक्यात भाषांतर सुरू व्हायचं, आणि ते उरकेपर्यंत तो कुठल्या कुठे पोचलेला असायचा. मग मी एक युक्ती शोधून काढली. हसायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "येस, येस, थँक यू." दुकानात चाललं, बँकेत चाललं. मला वाटलं, जमलं की इंग्रजी.

आमच्या भिंतीला लागून हेलन राहायच्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आईवडील पोलंडहून आलेले. मी त्यांना मावशी म्हणायचे. मावशी म्हणजे काय, हे मंदारनं त्यांना सांगितलं, तेव्हापासून त्या पोस्टमनलासुद्धा माझी ओळख 'माझ्या बहिणीची मुलगी' अशी करून द्यायला लागल्या. त्यांचे यजमान, वॉल्टर, नुकत्याच सरलेल्या पानगळीत गेले होते. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून मावशी रोज काहीतरी घेऊन आमच्या दारात. कधी ब्रेड, कधी बिटाचं सूप. आणि शेजारणीची थाळी रिकामी परत करायची नाही हे माझ्या आईनं मला दूध पाजतानाच शिकवलेलं, त्यामुळे आमचं देणंघेणं जोरात.

तर, ईस्टरच्या आधीचा बुधवार. ईस्टर म्हणजे दुकानातले चॉकलेटचे ससे, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. मावशी थाळी घेऊन आल्या, वर फॉइल झाकलेलं. दारात उभ्या राहून खूप बोलल्या. फ्रिजकडे बोट दाखवलं, छातीवर हात ठेवला, डोळे पुसले. मी काय म्हणाले असेन?

बरोबर. "येस, येस, थँक यू."

त्या गेल्यावर फॉइल काढलं तर आत लोणी. चांगला मोठा गोळा. एका बाजूनं उंच, दुसऱ्या बाजूनं बसका, अंगभर बोटांचे ठसे, आणि उंच बाजूला शेजारी शेजारी दोन लवंगा खोचलेल्या. आता तुम्हीच सांगा, लवंगा लावलेलं लोणी बघून आपल्या बाईला काय वाटेल? आमच्याकडे तूप कढवताना लवंग घालतातच. मावशींना माझ्या तुपाचा वास आवडायचा, तेव्हा वाटलं, किती गोड बाई आहे, लवंगांसकट आणून दिलं.

गुरुवारी सकाळी कढवलं. काय सुरेख रवाळ तूप झालं! रात्री मंदारनं वरणभातावर तीन वेळा घेतलं आणि बेरी साखर घालून खाल्ली. शुक्रवारी त्यातल्याच थोड्या तुपाचे बेसनाचे लाडू वळले आणि मावशींच्याच थाळीत घालून त्यांना नेऊन दिले.

मावशी म्हणाल्या, आज माझा उपास, रविवारी खाईन. उपास म्हटल्यावर मला त्या अजूनच घरच्या वाटल्या. मग त्यांनी काहीतरी काळजीनं विचारलं. मी म्हटलं, येस. मग अजून काहीतरी विचारलं, त्यात 'टुमॉरो' होतं. मी म्हटलं, येस, थँक यू. त्यांनी माझा गाल थोपटला आणि मी खूश होऊन घरी आले.

संध्याकाळी मंदार ऑफिसमधून आला तो थेट फ्रिजपाशी गेला. "शुभा, कोकरू कुठंय?"

"कुठलं कोकरू?"

"मावशींचं. लोण्याचं. उद्या सकाळी घ्यायला येणारेत."

तो सांगत होता, मावशी त्याला पत्रांच्या पेट्यांपाशी भेटल्या. ईस्टरच्या आदल्या दिवशी हे लोक टोपलीत खायचे जिन्नस भरून चर्चमध्ये नेतात आणि फादर त्यावर तीर्थ शिंपडतात. टोपलीत मुख्य मान लोण्याच्या कोकराचा, कारण कोकरू म्हणजे येशू, क्रूसावर जाऊन तिसऱ्या दिवशी परत उठलेला. इतकी वर्षं ते वॉल्टर करायचे. यंदा मावशींनी सुजलेल्या बोटांनी पहिल्यांदा स्वतः केलं होतं. त्यांच्या फ्रिजमध्ये हॅम ठेवलेला, त्याचा वास कोकराला लागू नये म्हणून आमच्या शाकाहारी फ्रिजमध्ये विश्वासानं ठेवायला दिलं होतं.

"मग कुठंय ते?" मंदारनं पुन्हा विचारलं.

मी ओट्याकडे बोट दाखवलं. "बरणीत."

त्यानं बरणी उचलून उजेडात धरली. "आणि कमी का झालंय?"

"थोडं लाडवांत. बाकीचं तू वरणभातावर घेतलंस."

मी तशीच उठले आणि सांगून टाकायला मावशींच्या दारापर्यंत गेले. खिडकीतून दिसलं, त्या टोपलीवर घालायच्या भरतकामाच्या रुमालाला इस्त्री करत होत्या. एक कोपरा झाला की हात फिरवून बघायच्या, मग दुसरा. माझं बोट बेलपर्यंत गेलंच नाही. रडत रडत परत आले. या बाईचा माणूस गेल्यानंतरचा पहिला सण, आणि मी तोच फोडणीला घातला होता.

मंदार म्हणाला, "रडू नकोस. तू पेणची आहेस ना?"

आता पेणची म्हणजे काय, तर माझ्या मामांचा गणपतींचा कारखाना. आमच्याकडे पोरं धड चालायच्या आधी माती मळायला लागतात. मी डोळे पुसले. मंदारनं लोणी आणलं, इंटरनेटवरून कोकराचं चित्र छापून आणलं, वर त्याची मापं टाकून दिली, समोरून, बाजूनं, वरून. काही झालं तरी दरवाजे डिझाइन करणारा माणूस.

लोणी हातात वितळायला लागलं म्हणून बाल्कनीचं दार उघडं टाकलं. बाहेर एप्रिलमध्येही बर्फाची कड होती. मिशिगनच्या थंडीचे मी त्या दिवशी पहिल्यांदा आभार मानले. अंगावरची लोकर करायला माझा शेवेचा सोऱ्या बाहेर आला. बारीक ताटलीतून लोण्याची शेव पाडली, ती कोकरावर चिकटवली, आणि अशी कुरळी लोकर झाली म्हणता! मी लांब उभी राहून कौतुकानं बघितलं.

मंदारनं मात्र कोकराभोवती एक चक्कर मारली. मग हळूच म्हणाला, "आरती करूया का?"

तेव्हा कुठे मला दिसलं. पोट सुटलेलं. कान सुपाएवढे. आणि नाक, काय सांगू, नाक खाली येऊन डावीकडे वळलेलं. हाताला वळणच ते! मी कान कापले, नाक आखूड केलं, पोट चेपलं. जेवढं निघालं तेवढं निघालं. शेवटी बरणीच्या तळाशी गेलेल्या त्या दोन लवंगा चमच्यानं काढल्या, पुसल्या आणि डोळ्यांच्या जागी बसवल्या. डोळे तरी मावशींनी लावलेले असू देत.

शनिवारी सकाळी मावशी टोपली घेऊन आल्या. मी कोकरू पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा नीट केला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे माझं नाही. माझ्याला मान नव्हती."

माझं रात्री पाठ केलेलं माफीचं इंग्रजी पार उडालं. मी तुपाची बरणी आणली, कोकराशेजारी ठेवली आणि हातवारे सुरू केले. हे कोकरू, ही शेगडी, ही बरणी. मग लाडू वळून दाखवला. मावशी खुर्चीत बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत, म्हणून मीही सुरू झाले. वर बघते तर बाई हसत होत्या, गालांवर पाणी वाहेपर्यंत हसत होत्या. शेवटी शेवटी त्यातलं थोडं खरंच रडणं होतं.

त्या दिवशी मात्र मी त्यांचा शब्द न् शब्द लक्ष देऊन ऐकला. त्या म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला वॉल्टरनं कोकरू हीटरवर ठेवलं होतं. सगळं जमिनीवर."

मी म्हटलं, "पण मी तुमचा देव कढवला."

"त्यानं याहून वाईट दिवस काढलेत," मावशी म्हणाल्या. मग बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. "आणि तिसऱ्या दिवशी तो परत येतोच की."

त्यांनी माझं लांबनाकं कोकरू टोपलीत ठेवलं. मग बरणी उघडून वास घेतला आणि तीही आत ठेवली. म्हणाल्या, यातही तो आहेच, आणि हे तर माझ्या हातचं कोकरू आहे.

मला त्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. टेबलांवर रांगेनं टोपल्या, कांद्याच्या सालीत उकळून लाल केलेली अंडी, मीठ, ब्रेड, सॉसेज. मी विचारलं, अंडीच का? मावशी म्हणाल्या, फादरला विचारशील तर तो म्हणेल, बंद थडग्यातून बाहेर आलेलं नवं आयुष्य. माझी आई म्हणायची, माणसांनी चाळीस दिवस उपास धरला तरी ते कोंबड्यांना कोण सांगणार, त्या अंडी घालत राहतात, मग साठलेल्या अंड्यांचं काय करायचं? मला आईचं पटलं.

फादर पाणी शिंपडत आमच्यापाशी आले आणि थबकले. कोकराकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मावशींनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग ते माझ्याशी बराच वेळ बोलले, भराभर, हसत हसत. घंटा वाजत होती, पोरं ओरडत होती, मला काही म्हणता काही कळलं नाही. पण इतका भला माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं? मी हसले, मान हलवली आणि जे म्हणायचं ते म्हटलं.

परतताना मावशी गालात हसत गाडी चालवत होत्या. सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी चर्चमधल्या सगळ्या टोपल्यांची कोकरं तू करणार आहेस. आत्ताच कबूल केलंस."

मी कपाळावर हात मारला. "मावशी, मग तुम्ही मला अडवलं का नाही?"

त्या सिग्नलकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं, तेवढीच मला पुढच्या वर्षीची सोबत होईल. तू माझ्या स्वयंपाकघरात करशील ना?"

मी त्यांचा सुजलेला हात हातात घेतला. या वेळी प्रत्येक शब्द कळला होता, तरी मला दुसरं काही सुचलंच नाही.

"येस, येस," म्हटलं. "थँक यू."